पीठवाल्या मॅडम

मॅडमना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. पाय राहत. एकदा अमरावतीच्या बसस्टँडवर मी त्यांच्या अगदी समोर जाऊन आदाब केला, तर अनोळखी बाईकडे बघावं तशा माझ्याकडे बघत राहिल्या. मग नजर हळूहळू खाली आली, चपलेतल्या माझ्या बोटांवर थांबली, आणि म्हणाल्या, “अवो, तू होय. कुठं चालली?” वर्षभर मी त्यांच्या हाताखाली काम करत होते, बरं का. रोज समोरासमोर बसून चहा पीत होतो आम्ही. मला असा राग आला की मोर्शीची गाडी लागेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. गाडीतून उतरणाऱ्या लोकांचे पाय बघत त्या माझ्याशेजारी उभ्या होत्या.

नर्सिंगच्या ट्यूटर होत्या त्या. उंच, वाळक्या अंगाच्या, पांढरी सुती साडी, पायात पुरुषांच्या असतात तशा जाड चामड्याच्या चपला. लग्न केलेलं नव्हतं. मूळच्या अकोल्याच्या. तिथं एक भाची होती, तेवढाच गोतावळा. मी तेव्हा नवी स्टाफ नर्स. ट्रेनिंग सेंटरमध्ये त्यांना मदतीला कोणी जायला तयार नव्हतं, म्हणून मला पाठवलं. का तयार नव्हतं, ते पहिल्याच दिवशी कळलं.

ती वर्षं फार वाईट होती. कपाशी हातची जायची, आणि पुरुषांच्या वॉर्डात फवारणीचं औषध प्यायलेली माणसं यायची. खाटा पुरायच्या नाहीत, दोन खाटांच्या मधे चटया पडायच्या. सिस्टर लोकांच्या अंगात त्राण उरायचं नाही. आणि दमलेलं माणूस राग कोणावर काढतं? जो उलट बोलत नाही त्याच्यावर. धारणीकडून जीपमध्ये कोंबून आणलेल्या कोरकू आदिवासी बायांवर. आमच्या मोहल्ल्यातून येणाऱ्या बुरख्यातल्या बायांवर. कोणी मारत-बिरत नव्हतं हो. फक्त गोळी लांबून द्यायची, प्रश्न दारातून विचारायचा, आणि “या लोकाइले दुखणं सहन होते” असं एकमेकींना सांगून पुढच्या खाटेकडे जायचं. विचारलं तर कोणीही शपथेवर सांगितलं असतं की आपण सगळ्यांना सारखंच बघतो. खोटंही बोलत नव्हत्या त्या. त्यांना खरंच तसं वाटायचं.

मग वरून हुकूम आला की सिस्टर लोकांच्या मनातला हा न कळणारा दुजाभाव कमी करायचा. कसा, ते हुकूम काढणाऱ्याला माहीत नसावं. मुंबईचे एक डॉक्टर येऊन पडद्यावर चित्रं दाखवून गेले, बायांनी छान डुलक्या काढल्या. त्यानंतर काम मॅडमकडे आलं. त्यांनी सेंटरच्या मागची एक लांबोळकी खोली मागून घेतली, काळ्या फरशीची, एकाच खिडकीची. मधोमध एक लोखंडी खाट टाकली आणि तिच्यावर रबराची बाई झोपवली. खोट्या वॉर्डात चुका होऊ द्यायच्या, म्हणजे खऱ्या वॉर्डात होणार नाहीत, एवढंच ते शिक्षण. ऐकायला साधं वाटतं. त्या खोलीत जाऊन बघायला पाहिजे होतं.

खाटेभोवती मॅडम ज्वारीचं पीठ पसरायच्या. चाळणीनं, अगदी एकसारखं, भिंतीपर्यंत. सिस्टरनं चपला बाहेर काढायच्या, एकटीनं आत जायचं, पेशंटची विचारपूस करायची आणि बाहेर यायचं. मॅडम आणि मी पडद्यामागं. मग पडदा सारून मॅडम सगळ्यांना आत बोलवायच्या आणि नुसतं खाली बोट दाखवायच्या. पावलं कुठं थांबली, ते त्या पिठात उमटलेलं असायचं.

पहिल्या दिवशी बाया आत पाऊल टाकायला तयार होईनात. झाडूवाली मावशी तर रडायलाच लागली. मला कळेना, पिठाला काय भ्यायचं. आमच्यात असलं काही नसतं. मग मोर्शीच्या एका सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की माणूस गेलं की दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, जिथं जीव गेला तिथं पीठ पसरतात, दिवा लावतात, वर टोपली झाकतात आणि दार लावून घेतात. सकाळी टोपली उचलून बघतात. पिठात चिमणीचा पाय उमटला तर गेलेलं माणूस चिमणी झालं, मुंगीची रेघ उमटली तर मुंगी. “आन ह्या बाईनं जित्या पेशंटच्या खाटेखाली मयतीचं पीठ टाकलं,” ती म्हणाली. मी म्हटलं, जित्या कुठं, रबराची आहे. तिनं फक्त खाटेकडे बघितलं.

मॅडमना हे सगळं ठाऊक होतं. मुद्दाम केलं होतं त्यांनी. म्हणायच्या, “तोंडानं सारेच चांगले बोलते. पायाले विचार.” पीठ बघून भीती वाटली की माणूस तोंड सांभाळतं आणि पायाला विसरतं, असा त्यांचा हिशेब होता.

रबराच्या बाईला त्या रोज वेगळे कपडे घालायच्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायांकडून त्यांनी एक गाठोडंच जमवलं होतं. मास्तरणीची इस्त्रीची साडी, काळा बुरखा, विटलेलं पातळ, आणि एक कोरकू बाईचं लुगडं, त्याला चुलीच्या धुराचा आणि मोहाचा वास. धुवू द्यायच्या नाहीत. वासावाचून शिकवणी अर्धी राहते म्हणायच्या. बाई तीच, खाट तीच, दुखणं तेच. पडद्यामागून मॅडम एकाच आवाजात, एकच वाक्य म्हणायच्या, पोटात दुखते म्हणून. आणि रोज पिठात वेगळं उमटायचं. मास्तरणीच्या खाटेला अंगठे टेकलेले. विटलेल्या पातळापासून वीतभर लांब. बुरख्यापासून त्याहून जरा लांब. लुगड्याच्या वेळी पावलं पायथ्याशीच थांबलेली, आणि एक पाऊल दाराकडं वळलेलं.

बुरख्याच्या दिवशी मी पडद्यामागं बसून दातओठ खात होते. माझी पाळी आली तेव्हा मी तरातरा गेले आणि त्या खाटेला अशी चिकटले की गुडघा आपटला. वाटलं, बघा म्हणावं. दुसऱ्या दिवशी लुगडं होतं. मी तशीच गेले, मला वाटलं तशीच गेले, आणि बाहेर येऊन बघते तर माझीही पावलं पायथ्याशी. अल्लाची शपथ, मला थांबल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. मॅडमनी माझ्या पावलांवरून चाळणीनं नवं पीठ टाकलं आणि म्हणाल्या, “होते. पुन्हा जाय.”

पाऊल वाचायलाही त्यांनीच शिकवलं. जो घाईत आहे त्याचा चवडा खोल, टाच पुसट. जो नुसता दाखवायला जवळ गेला त्याची पावलं कोरीव, स्वच्छ. आणि जो खरंच थांबतो, पेशंटचं ऐकतो, त्याचं वजन या पायावरून त्या पायावर जातं, म्हणून त्याच्या पावलांच्या कडा पुसट होतात. मॅडमना तसल्या पुसट कडा फार आवडायच्या. तसं पाऊल कोणाचं दिसलं की त्या दिवशी मला बाहेरून कचोरी मागवायच्या.

एक गोष्ट मात्र मला अजून आठवली तरी अंगावर काटा येतो. रबराची बाई गरम असायची. कपड्यांच्या आत मॅडम रबरी पिशवी ठेवायच्या, उकळत्या पाण्याची, आणि कमरेपर्यंत गोधडी पांघरायच्या. ज्या सिस्टरनं गोधडी उचलून हात लावला तिला एकदम जिवंत ऊब लागायची आणि ती दचकून ओरडायची. पण पाणी हळूहळू निवायचं. जी पायथ्याशी उभी राहून नुसतं विचारत बसायची, आणि मग ओशाळून शेवटी हात लावायची, तिच्या हाताला गार लागायचं. पडद्यामागून मॅडमचा आवाज यायचा, अजिबात न चिडलेला: “आता उशीर झाला.” एकीला ताप भरला होता त्या रात्री. तिच्या नवऱ्यानं येऊन तक्रार केली. मॅडमनी त्याला चहा पाजला आणि त्याच्या पायांकडे बघत ऐकून घेतलं.

सकाळी खोली उघडली की त्या आधी खाटेजवळ जाऊन “आलो वो आम्ही” म्हणायच्या. संध्याकाळी कुलूप लावताना मला सांगायच्या, तिला सांगून ये. मी सांगायचे. हसू नका, त्या खोलीत तुम्हीही सांगितलं असतं. रबराच्या बाईच्या डाव्या पायाची करंगळी नव्हती. मला वाटायचं उंदरानं कुरतडली. नीट बघितल्यावर कळलं की ती ब्लेडनं कापलेली आहे, अगदी सफाईनं. विचारलं तर मॅडमनी विषय बदलला.

ती मोर्शीची सिस्टर, जिनं मला पिठाचं सांगितलं, तिची पावलं सगळ्यांत लांब थांबायची. संत्र्याच्या बागावाल्या घरची, तोंडाची फटकळ, हातानं अतिशय हुशार. मॅडमनी तिला सगळ्यांत जास्त वेळा आत पाठवलं. ती पाय आपटत जायची, बाहेर येऊन मला म्हणायची, ह्या म्हातारीचं डोकं फिरलं आहे. ट्रेनिंग संपलं, ती वॉर्डात परत गेली. काही आठवड्यांनी एके दुपारी धापा टाकत सेंटरला आली. बाळंत झालेली एक कोरकू बाई जीपमधून आली होती, चुपचाप पडलेली, बाकीच्या बाया ओरडत होत्या म्हणून सगळ्या सिस्टर तिकडं. ही पायथ्याशी थांबली. आणि तिला तिचेच पाय दिसले. पीठ नव्हतं, फरशी नुसती ओली होती, तरी दिसले म्हणाली. ती पुढं गेली, गोधडी उचलली, तर खाली सगळं रक्त. डॉक्टरांना हाका मारल्या. बाई वाचली.

हे सगळं मॅडमनी मान खाली घालून ऐकलं. मग एवढंच विचारलं, “हात लावला तवा गरम होती?” ती म्हणाली, होती की. मॅडम भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मोर्शीवाली मला खुणेनं विचारायला लागली, मी काय चुकीचं बोलले?

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी डबा तिथं राहिला म्हणून मी सेंटरला गेले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून बघितलं तर मॅडम एकट्याच, अनवाणी. पीठ पसरलेलं, खाटेवर लुगडं नेसवलेली बाई. त्या दारापासून खाटेकडं चालत गेल्या, थांबल्या, खाली बघितलं. चाळणीनं पीठ टाकत मागं आल्या. पुन्हा गेल्या. पुन्हा तिथंच थांबल्या. पायथ्याशी. मी किती वेळ बघत होते अल्ला जाणे. शेवटी पायानं दार वाजलं. त्या वळल्या, पण मान वर केली नाही. माझे पाय दाराखालून दिसले असणार, कारण नाव घेऊन म्हणाल्या, आत ये.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. तरुणपणी बायांच्या वॉर्डात असताना धारणीच्याही पलीकडून एक कोरकू बाई आली होती. बाळंत झालेली, चुपचाप. मॅडम तिच्या पायथ्याशी जाऊन दुखते का विचारून आल्या. तिनं मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही. डॉक्टर आले तेव्हा यांनी सांगितलं की त्या बाईला काही नाही, शांत पडून आहे. गोधडी उचलायचं कोणाच्या मनात आलं नाही. दुपारी उचलली तेव्हा ती गार झाली होती. गोधडीच्या बाहेर आलेले तिचे पाय तेवढे मॅडमनी बघितले होते. डाव्या पायाला करंगळी नव्हती, कधीतरी कुऱ्हाड लागली असेल.

“मले तिचं तोंड आठवत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी पाह्यलंच नाही तं आठवीन कसं? तवापासून कोणाचंच तोंड ध्यानात राहत नाही माह्या. लोकाइचे पाय शिकले. माह्येच शिकत नाही.”

मी म्हटलं, मॅडम, ही रबराची आहे, हिच्याजवळ जाऊन काय होणार? त्या म्हणाल्या, हिच्याजवळच जाता येत नाही तर तिच्याजवळ कशी जाऊ. त्या रिटायर होईपर्यंत मी बघत होते. दर सुट्टीच्या दिवशी त्या यायच्या. बुरख्याला, पातळाला, मास्तरणीला त्यांची पावलं बिनदिक्कत टेकायची. लुगड्याला कधीच नाही.

रिटायर झाल्यावर त्या अकोल्याला भाचीकडं गेल्या. पुढं आजारी पडल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेले. मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लोखंडी खाटेवर होत्या, अंगावर जुन्या साड्यांची गोधडी. हातापायांच्या काड्या झालेल्या. मी दारातून आत आले, तर त्यांची नजर माझ्या पायांवर. “अजून ये,” म्हणाल्या. मी पुढं गेले. “अजून.” खाटेला गुडघे टेकले तेव्हा कुठं त्यांनी हात पुढं केला. हात गरम होता. मी तो सोडलाच नाही.

भाची चहा करायला गेली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या की मी मेले की ती बाई येईल. एवढी वर्षं मी तिला रोज बोलावते आहे, ती काय आल्याशिवाय राहील? प्रश्न इतकाच, की उभी कुठं राहील. माझ्यासारखी पायथ्याशी राहिली तर बरोबरच आहे, माझं काही म्हणणं नाही.

“आन जवळ आली तं?” मी विचारलं.

त्यांनी गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. त्या घाबरल्या होत्या हो. पंधराएक खाटांचे वॉर्ड एकटीनं सांभाळणारी बाई, लहान पोरीसारखी घाबरली होती. मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, “दहाव्याले येजो. पीठ टाकतीन. घरच्याइले टोपलीखालचं समजते, बाकीचं समजत नाही. तुले पाय वाचता येते. तू पाह्यजो.”

त्या वारल्या, आणि दहाव्याला मी गेले. अम्मीला सांगितलं नाही, फक्त अकोल्याला काम आहे म्हटलं. सकाळी पोचले तेव्हा त्या खोलीचं दार अजून उघडलं नव्हतं. माझ्यासाठीच थांबले होते. आत्यानं तसं बजावून ठेवलं होतं, भाची म्हणाली. खाट हलवायची नाही, गोधडी काढायची नाही, पीठ टोपलीपुरतं न टाकता खाटेभोवती सगळीकडं टाकायचं, आणि ती अमरावतीची पोरगी आल्याशिवाय कुलूप काढायचं नाही. संध्याकाळी तिनं स्वतः गोधडी ओढून चारी बाजूंनी नीट खोचली होती, खिडकी लावली होती, आणि किल्ली रात्रभर तिच्याच उशाखाली होती.

कुलूप निघालं. भाचीच्या नवऱ्यानं जपून टोपली उचलली. पिठात बारीक तीन काड्यांसारखी खूण होती. शेजारच्या आजी म्हणाल्या चिमणी, आणि सगळ्यांनी हात जोडले. भाची रडायला लागली, समाधानानं रडत होती. चिमणी झाली आत्या, सुटली बिचारी. टोपलीच्या पलीकडं कोणी बघितलंच नाही.

मी पायथ्याशी बघितलं. त्यांनी तसंच सांगितलं होतं ना. तिथं पीठ जसंच्या तसं होतं, चाळणीतून पडलेलं, एक बोटसुद्धा उठलेलं नव्हतं. ती आलीच नाही, मला वाटलं. एवढ्या वर्षांची हाक, आणि तिनं ऐकलीसुद्धा नाही. मॅडमसाठी मला इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. ते पुसून मी निघणार, तेवढ्यात उशाकडं नजर गेली.

दोन पावलं होती. अनवाणी, रुंद. दारापासून तिथपर्यंत येतानाचं एकही पाऊल नव्हतं, जातानाचं नव्हतं. फक्त ती दोन, उशाजवळ, अंगठे खाटेच्या लोखंडाला टेकलेले. डाव्याला चारच बोटं.

मागं सगळे बोलत होते, कोणीतरी चहाचं विचारत होतं. मी खाली वाकले आणि मॅडमनी शिकवलं होतं तसं बघितलं. टाच आणि चवडा सारखे दाबलेले. कडा पुसट झालेल्या, अगदी पुसट. बराच वेळ उभी होती ती.

आणि त्या बाजूनं गोधडीचं टोक उचलून मागं टाकलेलं होतं.